शुक्रवारचा रस्सा शुक्रवारीच

आरेकिपा शहराच्या कडेला, साचाकाच्या चढावर अंजिराच्या झाडाला लागून एक लांबट, पांढऱ्या दगडाची खाणावळ आहे. तिच्या गल्लीत कॅलेंडर टांगतात ते भिंतीचे पोपडे झाकायला. वार कळतो तो नाकाने. दुपारी बाराच्या सुमाराला निलगिरीच्या लाकडाचा धूर येतो, धुरामागून रश्शाचा वास येतो आणि माणसं आपापल्या मनाशी वार लावून घेतात. सोमवारी चाके नावाचा दाट रस्सा, मंगळवारी चाइरो, बुधवारी चोचोका, गुरुवारी काळ्या सुकवलेल्या बटाट्याचा रस्सा, शुक्रवारी कोळंबीचा चुपे, शनिवारी तिंपुस्का, रविवारी पांढरा.

हा क्रम ही खाणावळ चालवणाऱ्या मेलितोना सेबायोसने ठरवलेला नाही. आरेकिपा शहरातल्या जुन्या चुलींवर तो तिच्या पणजीच्याही आधीपासून चालत आलेला आहे. पण शहरात आता बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक म्हणेल त्या वारी म्हणेल तो रस्सा मिळतो. मेलितोनाकडे मिळत नाही. एका सोमवारी एक आमदार बारा माणसं घेऊन आला आणि त्याने चुपे मागितला. त्याला चाके मिळाला. त्याने तो खाल्ला, बोटं चाटली आणि पुढच्या निवडणुकीत तो पडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मेलितोना सांगते, पण सांगताना हसते.

ती एकाहत्तर वर्षांची आहे. तिसाव्या वर्षी आईच्या हातून चूल तिच्याकडे आली, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. ती ठेंगणी आहे, पाठ ताठ आहे आणि स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल ती फारसं बोलत नाही. रस्सा अप्रतिम झाला तर "बरा आहे" म्हणते. बिघडला असता तर काय म्हणाली असती ते कुणाला माहीत नाही.

एक्केचाळीस वर्षांत वार एकदाच चुकला. २००१ सालच्या जूनमध्ये, एका शनिवारी दुपारी, धरणी हलली. खाणावळीचं धुराडं कोसळलं, आंबवलेल्या मक्याच्या चिचाचे तीन रांजण फुटले आणि ताटं तशीच टाकून माणसं लसूणघासाच्या शेतात पळाली. तीन रात्री गल्ली शेतातच झोपली. चौथ्या दिवशी मेलितोनाने विटा रचून उघड्यावर चूल पेटवली आणि बुधवार समजून चोचोका केला. तो मंगळवार होता. वीज नव्हती, रेडिओ नव्हते, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. चोचोका आहे म्हणजे बुधवार, असं धरून गल्ली पुढे चालू लागली. त्या आठवड्यात ती सबंध शहराच्या एक दिवस पुढे होती. शनिवारी सकाळी सिरिलो गवंडी धुतलेला शर्ट घालून रविवारच्या प्रार्थनेला गेला आणि चर्चच्या बंद दाराशी तासभर बसून परत आला. तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी, खऱ्या रविवारी, मेलितोनाने पांढरा रस्सा पुन्हा केला आणि सगळ्यांनी तो सलग दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खाल्ला. त्यानंतर ही गोष्ट तिच्यासमोर कुणी काढली नव्हती.

ती निघाली या मे महिन्यात, आणि काढली एका पाहुणीसमोर.

पाहुणी म्हणजे दोरालिसाबाई. समुद्रकाठच्या राजधानीतल्या, लिमाच्या. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा रेनान लिफ्ट बसवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी एका नव्या इमारतीच्या कामासाठी तो आठ महिने आरेकिपात होता. आठ महिने तो रोज दुपारी अंजिराखालच्या बाकावर जेवला आणि लिमाला परत गेला तो मेलितोनाच्या नातीला, ओदिलियाला, लग्नाचं विचारून. ओदिलिया हो म्हणाली. आता बोलणी करायला त्याची आई आली होती. बाईंनी आयुष्यात आरेकिपा पाहिलं नव्हतं. रविवारी उतरायचं, सोमवारी शहर बघायचं, मंगळवारी जेवण आणि बोलणी, बुधवारी सकाळच्या विमानाने परत, असा त्यांचा तक्ता होता.

बोलणी कशाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिमातल्या मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात ओदिलियासाठी जागा धरून ठेवली होती. ओदिलिया सव्वीस वर्षांची. स्वयंपाकाचा रीतसर अभ्यासक्रम पुरा केलेली. लग्न झालं की नवरा-बायको लिमात राहणार, हे बाईंच्या मनात पक्कं होतं. इतकं की ते त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

मेलितोनाच्या मनात दुसरं काही होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गेली दोन वर्षं तिचा उजवा खांदा वर जात नव्हता. तिच्या चुलीवरचं सगळं पाट्यावर वाटलं जातं. मिक्सरमध्ये मिरची कापली जाते, वाटली जात नाही, असं तिचं म्हणणं. वरवंटा म्हणजे नदीतला अर्धगोल धोंडा. दोन्ही हातांनी धरून तो या अंगावरून त्या अंगावर झुलवायचा. तो आता ओदिलिया झुलवत होती. ओदिलिया गेली की पाटा थांबणार आणि पाटा थांबला की चूल. मेलितोनाला हे दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. पण "राहा" हा शब्द तिच्या तोंडात बसत नव्हता. तिची आई तिला कधी राहा म्हणाली नव्हती. ती राहिली होती.

सोमवारी ओदिलियाने बाईंना शहर दाखवलं. बाईंच्या पिशवीत एक लांबट वही होती. जे जे बघतील त्याला त्या वीसपैकी मार्क देत. जन्मभराची सवय, सुटली नव्हती. संध्याकाळी खाणावळीच्या बाकावर पाय सैल सोडून त्यांनी निकाल वाचून दाखवला.

"मोठं चर्च, पंधरा. सांता कातालिनाचा मठ, सोळा. साध्वींनी गल्ल्या फार नीट ठेवल्यात, पण सावली कमी. यानावाराच्या कमानी, चौदा. ते तुमचं चीज-आइस्क्रीम, पंधरा. नावात चीज आहे, आत नाही. चव चांगली, पण खोटं बोलतं."

"आणि मिस्ती?" मेलितोनाने विचारलं. ती टेबलं पुसत होती. शहराच्या डोक्यावरचा तो ज्वालामुखी बाईंच्या पाठीमागे संध्याकाळच्या उन्हात तांबूस होऊन उभा होता.

"मिस्ती तेरा."

मेलितोनाचा हात थांबला. "तेरा?"

"शिखरावर बर्फ नाही. तयारी न करता परीक्षेला बसलेल्या मुलासारखा दिसतो."

"आजी, अकराला पास असतं," ओदिलिया घाईने म्हणाली.

"पास झाला का? बरं झालं. कुणीतरी कळवा त्याला. काळजीत असेल." मेलितोनाने फडकं झटकलं. "लिमात काय आहे म्हणे वीसपैकी वीस? मे महिना लागला की तिथे सहा महिने सूर्य दिसत नाही ना?"

"समुद्र आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. धुक्यात दिसत नसेल."

मंगळवारी बाई जांभळा पोशाख आणि मोत्याच्या कुड्या घालून आल्या. ओदिलियाने टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं होतं. शेजारच्या बाकावर सिरिलो होता, रोजचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गवंडी दगडाच्या धुळीने भुवया कायमच्या पांढऱ्या करून बसला आहे आणि खाणावळीत त्याचं म्हणणं पहिल्या घोटापासून सुरू होतं. मेलितोनाने स्वतः बाईंसमोर खोल ताटली ठेवली. बाईंनी चमचा बुडवला, वर आणला, पाहिला.

"यात कोळंबी नाही."

"चाइरोत नसते."

"मला वाटलं चुपे असेल. रेनानने आठ महिने फोनवर माझे कान किटवले, आई, शुक्रवारचा चुपे, आई, शुक्रवारचा चुपे."

"बरोबर सांगत होता. आज मंगळवार आहे."

"मी उद्या सकाळी जाते, मेलितोनाबाई."

"मग पुढच्या वेळी शुक्रवारी या."

ओदिलियाने आजीच्या कोपराला हळूच धक्का दिला. मेलितोनाने कोपर बाजूला घेतलं. शेजारच्या बाकावर सिरिलोने घसा खाकरला. त्याचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने तो नेहमीच गडबड करतो.

"अहो बाई, मनाला लावून घेऊ नका. हिने आमदाराला दिला नाही, तुम्हाला कुठून देणार? एक्केचाळीस वर्षं हा क्रम मोडलेला नाही. म्हणजे तसा एकदा..." तो थांबला. ग्लासात बघू लागला.

"एकदा काय?" बाई म्हणाल्या.

"काही नाही."

"वाक्य पुरं करा. अर्धं वाक्य मी माझ्या वर्गात कधी चालू दिलं नाही."

सिरिलोने मेलितोनाकडे पाहिलं. ती चुलीकडे पाहत होती. मग त्याने वाक्य पुरं केलं. शेत, विटांची चूल, चोचोका, धुतलेला शर्ट, बंद दार, सगळं. आरंभी तो चाचरत होता, पण शर्टाशी येईपर्यंत त्याला रंग चढला आणि पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खुसखुसलंसुद्धा.

"म्हणजे," दोरालिसाबाई चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "वार एकदा मोडलेला आहे. एकदा मोडला तर दुसऱ्यांदा मोडायला काय हरकत? तेही होणाऱ्या विहिणीसाठी."

मेलितोना वळली. तिचा आवाज चढला नाही.

"ती चूक होती, बाई. तुम्ही मागताय ती चूक नाही. जाणूनबुजून करायचं ते आहे. तुमच्या वर्गात एखाद्या पोराने पाढा चुकून चुकीचा म्हटला तर तुम्ही काय करायचात?"

"सुधारून द्यायचे."

"आणि मुद्दाम चुकीचा म्हटला तर?"

बाईंनी चमचा उचलला आणि चाइरो संपवला, शेवटचा बटाटासुद्धा. तोंड पुसलं. वही उघडली, काही लिहिलं नाही, मिटली.

"ओदिलिया, मुली, विमान कंपनीला फोन लाव. मी शनिवारी जाईन. आता शुक्रवार बघूनच जाते. बघू या कोण दमतं."

"बसा की," मेलितोना म्हणाली. "बाक लांब आहे."

बुधवारी बाई साडेदहालाच आल्या. रिकामं बसणं त्यांना जमत नाही, म्हणून मेलितोनाने त्यांच्यापुढे शेंगांची टोपली सरकवली. शेंगा सोलता सोलता बाईंनी हॉटेलचं सगळं सांगितलं. साठ माणसांचं स्वयंपाकघर, पांढरी टोपी, वर चढायला वाव.

"चांगलं आहे," मेलितोना म्हणाली. "जाऊ दे तिला."

ओदिलिया पाट्यावर होती. वरवंटा एकदा अडखळला आणि पुन्हा झुलू लागला.

"आणि रेनान इथे येऊन काय करेल?" बाई म्हणाल्या, जणू कुणी तसं सुचवलं होतं. "माझा एकुलता एक मुलगा घरजावई? भूकंपाच्या भीतीने तुम्ही तिसरा मजला चढवत नाही. लिफ्ट कुठे लावणार तो, अंजिराला?"

"का, शहरात आहेत की लिफ्टा," दारातून सिरिलो म्हणाला. त्या दिवशी तो जरा लवकर आला होता, मंगळवारचं प्रायश्चित्त. "माझ्या माहितीत पाच आहेत. त्यातल्या चार बंद. पोराला मरेपर्यंत काम पुरेल."

"तुम्ही बसा आणि चोचोका खा, सिरिलो," बाई म्हणाल्या. एका दिवसात त्यांना नाव आणि वार दोन्ही पाठ झाले होते.

गुरुवारी ओदिलिया सकाळीच जन्माचा दाखला आणायला नोंदणीच्या कचेरीत गेली. लग्नाला तो लागतो. अकराला येते म्हणाली. अकराला फोन आला की रांगेत अजून चाळीस माणसं आहेत. उकडलेल्या बटाट्यावर घालायच्या ओकोपाचं वाटण व्हायचं होतं. वाळलेल्या पिवळ्या मिरच्या, भाजलेले शेंगदाणे, उग्र वासाचा हिरवा पाला पाट्यावर ढीग होऊन पडला होता. मेलितोना पाट्याशी बसली. तिने वरवंट्याला हात घातला. डावं अंग उचललं गेलं. उजवं नाही. तिने पुन्हा उचलला. धोंडा वेडावाकडा फिरला, मिरच्या पाट्याखाली सांडल्या. मेलितोनाने ओठ घट्ट मिटले आणि एक हात मांडीवर ठेवून जराशी बसून राहिली. मागून कुणी बघत असेल हे तिच्या लक्षात आलं नाही.

दोरालिसाबाईंनी आधी घड्याळ काढलं, मग दोन अंगठ्या, मग बाह्या वर केल्या.

"सरका," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नाही येणार."

"येत नाही म्हणूनच शिकतात. सरका."

पाऊण तास लागला. मेलितोना शेजारी स्टुलावर बसून सांगत होती. ढकलू नका, झुलवा. खांद्यातून नाही, कमरेतून. मिरचीशी भांडू नका. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. या उंचीवर लिमाच्या माणसाला नुसता जिना चढताना धाप लागते. बाई तीनदा थांबल्या आणि तिन्ही वेळा मेलितोना दुसरीकडे बघत राहिली.

दुपारी सिरिलोने बटाट्यावरचा ओकोपा तोंडात घातला, चावला आणि विचारात पडला.

"मेलितोना, आज हे लिमात वाटून आणलंय का? दाताखाली लागतंय."

"अकरा!" स्वयंपाकघराच्या दारातून बाईंचा आवाज आला. "पास आहे. खा."

गिऱ्हाइकं पांगल्यावर दोघी ओट्याशी बसल्या. मेलितोनाने दोन मोठे ग्लास चिचा ओतली. बाईंच्या तळहातांना फोड आले होते.

"किती दिवस झाले या खांद्याला?" बाईंनी विचारलं.

"कुठल्या खांद्याला?"

"मेलितोनाबाई, पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाचं खरं काय दुखतं ते ओळखण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. नातीला सांगितलंय?"

"मी आळशी झाले असं तिला वाटतं. वाटू दे."

"ती गेली की चूल बंद पडणार."

मेलितोनाने चिचाचा घोट घेतला. "चूल आहे. विझते."

"मग तोंडाने बोलत का नाही तुम्ही? मंगळवारी मला तोंडावर नाही म्हणालात तेव्हा जीभ बरी चालत होती."

"बोलले तर ती राहील," मेलितोना म्हणाली. "राहील, आणि मग रोज सकाळी पाट्यावर वाकलेली तिची पाठ मला बघावी लागेल. ती माझ्यासाठी वाकली आहे की वाटणासाठी, हे मला कधी कळणार नाही. तसली मदत मला नको."

बाई म्हणाल्या, "उद्या कोळंबी किती वाजता येते?"

"आठला. तुम्ही साडेसातला या. साफ करायला हात लागतात."

शुक्रवारी माहेसच्या नदीतली कोळंबी ओल्या गोणपाटात गुंडाळून आली, काही अजून चाळवत होती. साफ करायला चार हात होते. डोक्यांचा तांबडा अर्क वेगळा काढला गेला, तो तेलात परतला गेला, मग बटाटे, भोपळा, कणसाचे तुकडे, ताजं चीज, शेवटी दूध आणि अंडी. ओदिलिया रोकोतो मिरचीची चटणी वाटत होती. वरवंटा एका लयीत झुलत होता. बाराला धूर गल्लीत उतरला आणि सिरिलोने आपल्या अंगणातून ओरडून बायकोला सांगितलं, "शुक्रवार झाला गं!"

दोरालिसाबाई टेबलावर बसल्या. त्या दिवशी कापड नव्हतं, कुड्याही नव्हत्या. त्यांनी पहिला चमचा घेतला. मेलितोना चुलीशी पाठ करून उभी होती आणि आधीच पुसलेलं पातेलं पुन्हा पुसत होती. बाईंनी ताटली रिकामी केली. दुसरी मागितली नाही; ओदिलियाने आपणहून वाढली, तीही रिकामी झाली. मग त्यांनी रुमालाने बोटं पुसली.

"ओदिलिया, बस इथे. तुझ्या आजीचा उजवा खांदा गेलाय. सांगू नका असं त्या मला म्हणालेल्या नाहीत, म्हणून सांगते."

"माहीत आहे मला," ओदिलिया म्हणाली.

पातेलं पुसणं थांबलं.

"दोन वर्षं झाली," ओदिलिया पुढे म्हणाली. "रात्री कूस बदलते तेव्हा कण्हते ती. मी वाट बघतेय ती कधी सांगते त्याची."

"आणि तरी तू लिमाला यायला निघालीस?" बाई म्हणाल्या.

"कोण निघालंय? मी लग्नाला हो म्हटलंय, बाई. लिमाला नाही. लिमाचं मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही हॉटेल ठरवलंत, आजी म्हणाली जाऊ दे. मी इथे पाट्यावर बसलेली, दोघींच्या मध्ये, आणि दोघी माझ्या डोक्यावरून बोलत होतात."

"मग विचारते," बाई म्हणाल्या. सवयीने त्या जरा ताठ झाल्या. "तुला काय हवंय?"

"हॉटेलात साठ माणसं आहेत. त्यातल्या एकानेही पाटा पाहिलेला नसेल. तिथे मी एकसष्टावी." ओदिलियाने हातावरची मिरची एप्रनला पुसली. "इथे माझ्या मागे आजी आहे आणि तिच्या मागे तिची आई. मला हे चालवायचंय. माझ्या नावाने. रेनानला मी मागच्या महिन्यात सांगितलं. तो म्हणाला, आईला तू सांग, माझी छाती होत नाही."

बाजूच्या बाकावर सिरिलो खोकला, पण या खेपेला त्याने वाक्य सुरूच केलं नाही.

मेलितोना वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नेहमीचाच भाव होता. फक्त फडकं तिने उलटं खांद्यावर टाकलं होतं, ओलं अंग आत. "माझ्या नावाने म्हणजे?" ती म्हणाली. "पाटी बदलणार तू?"

"पाटीच नाहीये आपली, आजी."

"मग ठीक आहे."

बाईंनी फोन काढला. लिमात रेनानने पहिल्या घंटेला उचलला. बहुधा हातातच धरून बसला होता. "ऐकतोस ना? मधे बोलू नको," बाई म्हणाल्या. "कामावर बदली माग. आरेकिपाला... हो, समजलं मला. मला सांगायची छाती होत नव्हती म्हणे... मधे बोलू नको म्हटलं ना? पाच लिफ्ट आहेत इथे आणि चार बंद आहेत, तपास केलाय मी... हो, खाल्ला. आत्ताच. सतरा."

त्यांनी फोन खाली ठेवला. मेलितोना त्यांच्यासमोर येऊन उभी होती.

"सतरा?"

"मठापेक्षा एक जास्त. मिस्तीपेक्षा चार."

"तीन कुठे गेले?"

"वीस मी कुणालाच देत नाही. या रेनानला सोळाच्या वर कधी दिले नाहीत, आणि तो माझ्या पोटचा आहे."

"तो तुमचा प्रश्न. चुपेत काय कमी होतं ते सांगा."

"काही कमी नव्हतं."

"मग वीस द्या."

"मेलितोनाबाई, तुम्ही मला मंगळवारी चुपे दिलात का?"

मेलितोना हसली, दात दिसेपर्यंत, आमदाराची गोष्ट सांगताना हसते तसं. तिने बाक ओढला आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, गिऱ्हाइकं जेवत असताना, ती गिऱ्हाइकांच्या टेबलावर बसली.

लग्नाची तारीख तिथेच निघाली. ऑगस्टमधला शनिवार बरा, बाई म्हणाल्या. लिमाहून चाळीस माणसं येतील, शनिवारी सगळ्यांना सोयीचं. सगळे पहिल्यांदाच येणार, म्हणजे शहरही बघतील. "आणि जेवायला अर्थात चुपे," त्या वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगणार आहे."

"शनिवारी तिंपुस्का असतो," मेलितोना म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ओदिलियाने डोळे मिटले.

"नातीचं लग्न आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर. लग्नात कुणी वार मोडतं का?"

"मग चाळीस माणसांना मी काय सांगू?"

"शुक्रवारी लग्न आहे म्हणून सांगा."

"शुक्रवारी? शुक्रवारी कोण लग्न करतं?"

"ज्यांना चुपे हवाय ते," मेलितोना म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. पातेल्याखालची लाकडं मागे ओढायची होती.

दोरालिसाबाईंनी वहीत शनिवार खोडला.